दोन बिंदूंमधून दोन रेषा

८ जुलै

मामा,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकले आहे, कारण इथलं टेबल माझ्या गुडघ्याइतकं बुटकं आहे. तुम्ही पाहिलंत तर आधी ते उलटं करून त्याचे पाय मोजाल आणि मग ज्याने केलं त्याच्या सात पिढ्या मोजाल.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहिते आहे, रागावू नका. फोन करून पाहिला होता. तुम्ही तो पुन्हा हत्यारांच्या खणात टाकलाय, हो ना? आणि उचललात तरी "बरं आहे, तू बरी आहेस ना, ठेवतो" यापलीकडे तुमची गाडी जात नाही. म्हणून पत्रच बरं.

खोली मिळाली. खाली चपलांचं बंद पडलेलं दुकान, वर मी. एक खिडकी आहे, ती समोरच्या भिंतीकडे उघडते. शाळेतून आले की दार लावते ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते. मधल्या वेळात बोलायचं तर स्टोव्हशी. परवा रविवारी संध्याकाळी लक्षात आलं की शनिवार दुपारपासून मी माझा स्वतःचाही आवाज ऐकलेला नाही. मग मोठ्याने पाढे म्हटले. एकोणतीसचा चुकला.

मला सहावीची भूमिती दिली आहे. बेचाळीस मुलं. बिंदू, रेषा, किरण, कोन. सोपं वाटतं ना? दुरून डोंगर साजरे. फळ्यावर बिंदू काढला तर एकजण म्हणाला, "बाई, डाग पडलाय, पुसू का?" रेषेला टोक नसतं म्हटलं तर म्हणतात, आहे की, फळा संपतो तिथे. आणि कोनाचं तर विचारूच नका. चाळीस अंशांचे दोन कोन काढले. एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या हातभर. विचारलं, मोठा कोणता? बेचाळीस बोटं लांब भुजांकडे. अर्धा तास समजावलं, पुन्हा विचारलं. पुन्हा बेचाळीस बोटं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. शाळेत फळ्यावर वापरायचं सामानच नाही. पत्र्याचा एक मोठा कोनमापक आहे, बाकी मी हजेरीच्या वहीच्या कडेने रेषा ओढते. मीटरभर लांब पट्टी आणि एक मोठा गुण्या करून द्याल का? नोव्हेंबरात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझा तास बघायला बसणार आहेत. मला ठेवायचं की नाही ते त्यावर ठरेल.

सवडीने करा. जेवण वेळेवर करत जा.

तुमची भाची


२१ जुलै

मास्तरीणबाई,

आशीर्वाद तू निघालीस तेव्हाच पोतंभर दिले होते, ते पुरवून वापर.

सवडीने करा म्हणतेस. अगं, सवडीशिवाय माझ्याकडे आहे काय? तीन महिन्यांत या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कुणी पाऊल टाकलेलं नाही. बेकरीवाल्याला पावांचं कपाट करून दिलं होतं, ते त्याने परत पाठवलं. म्हणाला, फळ्या वाकड्या आहेत. मी म्हटलं, बाबा रे, तुझी भिंत वाकडी, तुझी जमीन वाकडी, माझ्या फळ्यांना नावं ठेवू नकोस. त्यावरून वाजलं आमचं. ती बातमी गल्लीभर झाली आणि काम बंद.

खरं सांगू का, हल्ली कशातच राम राहिला नाही. लाकूड ओलंच विकतात, चार दिवसांत पिळतं. गल्लीत नवी फरशी घातली ती नागमोडी. आता हा कागद बघ, ज्यावर लिहितोय. दुकानदाराने चांगला म्हणून दिला आणि छापलेल्या ओळी दारू प्यायल्यासारख्या चालल्यात. असल्या ओळींवर माझं अक्षर कसं सरळ येणार?

तुझी मामी असती तर म्हणाली असती, जग सरळच आहे, तुम्हीच तिरके. तिला जाऊन आठ महिने झाले. अजून मी चहाचे दोन कप काढतो. एक परत ठेवतो. तुला सांगायला हरकत नाही म्हणून सांगतो, सकाळी उठून रंधा हातात घेतला नाही तर दिवस अंगावर येतो. काम आहे तोवर मी सुतार आहे. काम नसलं की नुसताच एक म्हातारा आहे, खुर्चीत बसलेला. तेव्हा तू पट्टी मागितलीस ते बरं केलंस. अशी करून देतो की मुलं म्हणतील, सुतासारखी सरळ म्हणजे काय ते आज कळलं.

आता तुझ्या बेचाळीस बोटांचं बघू. तू भुजा दाखवतेस म्हणून ती भुजा बघतात. दोन बिजागऱ्या घेऊन जा, एक डब्याच्या झाकणाची, एक फाटकाची. दोन्ही सारख्या उघड आणि विचार, कोणती जास्त उघडली? कोन म्हणजे पात्याची लांबी नव्हे गं, उघडणं. हे मला सातवी नापासाला कळतं. आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे समोरासमोरचे कोन सारखे का, ते शिकवशील तेव्हा कात्री ने. मुठीकडे जितकी उघडते तितकीच पात्याकडे. शिंप्याला विचार, तो शाळेत न जाता सांगेल.

मामा


३ ऑगस्ट

मामा,

तुमच्या बिजागऱ्यांनी वर्ग जिंकला! फाटकाची बिजागरी शाळेच्या शिपायाकडून मागून घेतली. दोन्ही सारख्या उघडल्या आणि विचारलं, जास्त कोणती उघडली? मग एकेक करून, "सारखीच की!" मी म्हटलं, मग कोन? "सारखाच!" एकाने तर दाराजवळ जाऊन ते उघडून दाखवलं, हा लघुकोन, हा काटकोन, हा विशालकोन. भिंतीला टेकवलं तेव्हा सरळ कोन झाला आणि मागची खुंटी तुटली.

कात्रीही नेली. समोरासमोरचे विरुद्ध कोन समान, हे सगळ्यांनी मान्य केलं, एका मुलीने सोडून. शेवटच्या बाकावर बसते. काहीही सांगा, तिचा एकच प्रश्न, "कशावरून?" वर्गाने तिचं नावच 'कशावरून' ठेवलंय. कात्री बघून म्हणाली, "बाई, ही कात्री सारखी उघडते. सगळ्याच उघडतात कशावरून?" मग सिद्ध करून दाखवावं लागलं. एका रेषेवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन कोनांची बेरीज एकशे ऐंशी. एक कोन कळला की त्याच्या डाव्या शेजाऱ्याचं माप कळतं, उजव्याचंही तेच. मग ते दोन शेजारी सारखेच असणार ना? आणि तेच एकमेकांच्या समोर. तिने बराच वेळ वहीत बघितलं आणि "हं" म्हणाली. मामा, तो "हं" मी खोलीवर घेऊन आले. त्या संध्याकाळी स्टोव्हशी नाही बोलले.

बाकी तुमचं पत्र वाचून खूप हसले. भिंत वाकडी, फरशी वाकडी, आता कागदसुद्धा वाकडा! कागद मी नीट पाहिला हं. त्यावरच्या ओळी अगदी सरळ आहेत, तुमचं अक्षरच तेवढं चढतंय आणि उतरतंय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बेकरीवाल्याशी गोड बोला. नाहीतर पाव कोण देणार तुम्हाला?

दोन कपांचं वाचलं आणि मग हसू थांबलं. दुसरा कप माझा समजा. मी इथे त्याच वेळी पिते, साडेसहाला.

भाची


१ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

बसच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिलंय. आत पट्टी आहे, गुण्या आहे आणि तुझ्या बुटक्या टेबलाला लावायला चार ठोकळे आहेत.

पट्टीने माझा घाम काढला. तीन दिवसांत व्हायचं काम, तीन आठवडे लागले. रंधा मारावा, दोरी लावून बघावी, दोरीच वाकडी दिसते. पोलादी पट्टी काढली, तीस वर्षांची माझी, तीही मधे बसलेली निघाली. शेवटी म्हटलं, मरू दे सगळं. चाळीस वर्षं ज्या डोळ्याने पारखलं तोच खरा. मग खिडकीशी पट्टी धरून नुसत्या नजरेने सरळ केली. थोडं काढायचं, बघायचं, थोडं काढायचं, बघायचं. चौथ्या दिवशी अशी सरळ दिसली की माझा मलाच आनंद झाला. कितीतरी महिन्यांत सरळ अशी पाहिलेली ती पहिलीच वस्तू.

तुला म्हणून सांगतो, हे काम जमलं नसतं तर मी दुकानाला कुलूप लावणार होतो. आता नाही लावत. तुझ्या वर्गाने काय म्हटलं ते लगेच कळव. खरं खरं कळव.

मामा


१४ सप्टेंबर
(हे पत्र पेटीत टाकलं नाही)

मामा,

कसं लिहू कळत नाही.

पट्टी आली तेव्हा तिचा वास घेतला. आपल्या दुकानाचा वास. दुसऱ्या दिवशी वर्गात नेली. फळ्यावर लांब रेषा काढली, मधोमध बिंदू घेतला, त्यातून एक किरण वर काढला आणि मुलांना गटागटाने बोलावून दोन्ही कोन मोजायला लावले. बेरीज एकशे ऐंशी यायला हवी. पहिल्या गटाचे आले एकशे अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्याचे एकशे एकोणऐंशी. तिसऱ्याचे पुन्हा अठ्ठ्याहत्तर. मी चिडले. नीट बघा, कोनमापक हलवू नका, म्हणून पुन्हा मोजायला लावलं. एक मुलगा रडवेला झाला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हाताची चूक असती तर कुणाचं कमी आलं असतं, कुणाचं जास्त. इथे सगळ्यांचंच कमी येत होतं.

मग 'कशावरून' उठली. "बाई, दोन बिंदूंमधून एकच रेषा जाते म्हणालात ना? कशावरून?" मी वैतागून खडू तिच्या हातात दिला, काढून बघ म्हटलं. तिने दोन बिंदू घेतले आणि रेषा काढली. मग पट्टी उलटी केली, तीच कड, तेच बिंदू, आणि दुसरी रेषा काढली. मामा, दोन रेषा आल्या. मधे करंगळी मावेल एवढी फट. वर्ग हसला. ती नाही हसली. म्हणाली, "पट्टी वाकडी आहे, बाई."

माझ्या मामाची पट्टी वाकडी.

खोलीवर येऊन तुमची सगळी पत्रं काढली. कपाट, भिंत, फरशी, कागदाच्या ओळी, दोरी, पोलादी पट्टी. सगळं जग वाकडं आणि एकच वस्तू सरळ दिसली, ती ही. लाकडाला काही झालेलं नाही मामा, तुमच्या डोळ्यांना काहीतरी झालंय. आणि मी थट्टा केली, अंगण वाकडं म्हणून.

हे तुम्हाला कळवायला हवं. पण तुम्ही लिहिलंय की हे जमलं नसतं तर कुलूप लावलं असतं. आणि दुकान बंद केलंत तर तुम्ही दिवसभर त्या खुर्चीत बसणार, समोर दोन कप घेऊन.


१४ सप्टेंबर

मामा,

पट्टी आणि गुण्या पोचले. फारच छान झालेत. वर्ग खूश, मीही खूश. ठोकळ्यांमुळे टेबल आता माणसासारखं उभं राहिलंय. शाळेत चाचण्यांची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

डोळे वगैरे तपासून घेता ना अधूनमधून? वय झालं की सगळ्यांनीच घ्यावेत, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

भाची


२२ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण ऐक. काम आहे! होय, मला.

तुझं पत्र आलं ते मी खिशात घालून गल्लीभर फिरलो. बेकरीवाल्याला वाचून दाखवलं, "वर्ग खूश", दोनदा वाचलं. तो पाव मोजत राहिला. पण शेजारचा शिंपी ऐकत होता. त्याने वर खोली काढलीय, तिला आतून लाकडी जिना हवाय. म्हणाला, शाळेला चालतं तर मला का नाही? चौदा पायऱ्या. त्याच्या दोन मुली आहेत ना, एक चार वर्षांची, एक सहा, त्या आत्तापासूनच रोज येऊन विचारतात, आमच्या पायऱ्या झाल्या का? धाकटी भुशात बसून असते. आठ पायऱ्या कापून झाल्या. लाकूड नेहमीसारखंच हट्टी, पण आता मी ऐकत नाही, पट्टीसारखंच नजरेने करतोय. जुनी करवत पुरेना म्हणून विजेची घेतली.

तिने परवा अंगठ्याला जरा प्रसाद दिला. तीनच टाके पडले. रेघ एकीकडे आणि पातं दुसरीकडे गेलं. नवीन हत्यार आहे, हाताला बसायला वेळ लागतो.

डोळ्यांचं विचारलंस. डोळ्यांना काय धाड भरलीय? जेवतोय, झोपतोय, गाणीही म्हणतोय. तुझ्या एका पत्राने मला उभं केलं बघ.

मामा


२८ ऑक्टोबर

मामा,

करवतीची पिन काढा. आधी ती काढा आणि मग पुढचं वाचा.

सोबत आणखी एक पत्र आहे. चौदा सप्टेंबरचं, पण मी पेटीत टाकलं नव्हतं. ते वाचा. त्या दिवशी तुम्हाला जे दुसरं पाठवलं ते खोटं होतं. तुमची पट्टी छान नाही. ती वाकडी आहे. मी ती कपाटामागे ठेवली आणि पुन्हा हजेरीच्या वहीने रेषा काढू लागले.

मला वाटलं, तुम्हाला जपते आहे. खरं तर मला भीती वाटली. तुम्ही खचलात तर इतक्या लांबून मी काय करू, याची. म्हणून गोड लिहिलं आणि झोपले. आता त्या गोड पत्राच्या भरवशावर तुम्ही जिना करताय, त्यावरून दोन मुली चढणार-उतरणार, आणि तुमचा अंगठा कापलाय. मला माझी लाज वाटते.

गेल्या आठवड्यात शाळेत मुलांचे डोळे तपासायला डॉक्टर आले होते. मी त्यांना विचारलं, सरळ रेष वाकडी दिसते ती कशामुळे? ते लगेच म्हणाले, कुणाला दिसते? डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडला की असं होतं. चष्म्याने जात नाही, पण लवकर गेलं तर थांबवता येतं. लवकर, हे ते दोनदा म्हणाले. त्याच रात्री लिहायला हवं होतं, तेव्हाही धीर झाला नाही.

एवढंच करा. दाराच्या चौकटीसमोर उभे राहा. एक डोळा झाका आणि बघा. मग दुसरा झाका आणि बघा. मग ती तुमची पोलादी पट्टी घ्या, भिंतीवर रेघ मारा, पट्टी उलटी करून पुन्हा मारा, आणि त्यावर बोट फिरवा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटांवर ठेवा. ती अजून चाळीस वर्षांची कसलेली आहेत.

आणि जे कळेल ते घेऊन डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आजच. शिंपीदादांना बरोबर न्या. मला शिव्या द्या, पण जा.

भाची


२० नोव्हेंबर

मामा,

तेवीस दिवस झाले. फोन खणात वाजतोय. शिंपीदादांच्या दुकानात फोन केला. ते म्हणाले, "इथेच बसलेत, पण बोलायचं नाही म्हणतात." मागून तुमचं खोकणं ऐकू आलं. तेवढ्यावर मी फोन ठेवला. निदान आहात हे कळलं. यायला निघाले होते, पण शिंपीदादांनीच पुन्हा फोन करून सांगितलं, "ताई, सध्या येऊ नका. ते दार उघडणार नाहीत."

मोठ्या बाईंनी माझा तास पाहिला. कोणता धडा घेऊ सुचत नव्हतं. शेवटी तुमची पट्टी कपाटामागून काढली. म्हटलं, ही सरळ आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. मुलांनी दोन बिंदू घेतले, पट्टी उलटली, दोन रेषा आल्या. मग त्यांनीच सांगितलं की दोन बिंदूंमधून सरळ रेषा एकच जाते, दोन आल्या तर त्यातली निदान एक खोटी. 'कशावरून' म्हणाली, "इथे दोन्ही खोट्या आहेत." मग कोन मोजले, एकशे अठ्ठ्याहत्तर आले, आणि का आले तेही त्यांनी सांगितलं. ज्या मुलाला मी रडवलं होतं त्याची सर्वांसमोर माफी मागितली. मोठ्या बाईंनी तास संपल्यावर फक्त विचारलं, "पट्टी कुठून आणलीत?" मी म्हटलं, घरून. मला कायम केलं.

ही बातमी सांगायला दुसरं कुणी नाही मला. खाली बंद दुकान आहे आणि समोर भिंत.

मामा, डॉक्टर काय म्हणाले? उशीर झाला का? माझ्यामुळे झाला का? जे असेल ते लिहा. नाही लिहिलंत तर मी तेच धरून चालेन, आणि ते जास्त वाईट असेल.

भाची


४ डिसेंबर

पोरी,

अक्षर मोठं आहे, ओळी सोडून जाईल, समजून घे. डाव्या डोळ्याने लिहितोय.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी करवतीची पिन काढली नाही. आधी सगळं वाचलं, मग काढली. मग चौकटीसमोर उभा राहिलो. उजवा झाकला तर चौकट थोडी वाकडी. डावा झाकला तर चौकट फारच वाकडी आणि मधे एक करडा डाग, मामीचा फोटो त्यात बुडाला. भिंतीवर रेघ मारली, पट्टी उलटली, पुन्हा मारली. डोळ्याला दोन दिसल्या. खिळ्याने कोरून बोट फिरवलं तर एकच. माझी पोलादी पट्टी सरळ होती गं. तीस वर्षांत तिला मी कधी बोल लावला नव्हता.

शिंप्याने मला डॉक्टरकडे नेलं. उशीर झाला का, असं विचारलंस. पहिल्यांदा ठरवलं होतं, नाही म्हणून लिहायचं. वेळेवर पोचलो, सगळं ठीक आहे, असं. मग म्हटलं, असलं गोड लिहिल्याने काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. तेव्हा ऐक. उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना आधी आला असतात तर वाचला असता. डावा वाचेल, त्यात सुया टोचतात, दर महिन्याला. टोचताना दुखत नाही, सुई येताना दिसते तेवढंच वाईट.

दीड महिना म्हटल्यावर मी मनात दिवस मोजले. तूही मोजशील. चौदा सप्टेंबर. मी फार रागावलो. लहानपणी तू खोटं बोललीस तरी कधी हात उगारला नाही तुझ्यावर, या वेळी उगारावासा वाटला. खरं खरं कळव म्हणून लिहिलं होतं मी तुला. तू फोन केलास तेव्हा मी शिंप्याच्या दुकानात पाठ फिरवून बसलो होतो. तीन आठवडे तुझ्या नावाने मनात भांडलो. भांडायला तरी कुणी होतं.

मग राग विझला. मला चौकट वाकडी दिसायला लागली ती फेब्रुवारीपासून. बेकरीवाल्याने सांगितलं, मी त्याच्यावर ओरडलो. तू थट्टेत सांगितलंस, मी हसलो. डोळा माझा, तो मी सांभाळायचा. माफ केलं असं काही लिहीत नाही. तसं लिहिलं तर तू तिथे रडशील आणि मी इथे. झालं ते झालं, आणि ते दोघांनी केलं.

जिना मीच उकलला. तिसरी पायरी इतकी कलली होती की धाकटी पहिल्याच दिवशी घसरली असती. शिंप्याने दुसरा सुतार आणला. पोरगा बरा आहे, हात हलका आहे. दुकान बंद केलं. हत्यारं त्याला दिली, पोलादी पट्टीसुद्धा. देताना बरं वाटलं असं म्हणणार नाही.

तुला कायम केलं हे वाचून उठून उभा राहिलो. एकटाच होतो, तरी उभा राहिलो. तुझ्याकडे राहायला ये म्हणशील, येणार नाही. इथलं सगळं हाताला ठाऊक आहे. सुट्टीत तू ये.

आता दिवस फार मोठा झालाय. एक भिंग आणलंय. त्याखाली धरून तुझं एक पान वाचायला सकाळी नऊला बसतो ते जेवणाची वेळ होते. शिंप्याची बायको म्हणाली, "मामा, मी वाचून दाखवते, दोन मिनिटांत होईल." मी नको म्हटलं. दोन मिनिटांत संपवून मग काय करू? तेव्हा जरा मोठ्या अक्षरात लिही, आणि लांब लिही.

मामा